नवरा जर्मन, सातबारा वाईचा

वाईची लेक:

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी 2013 पासून दक्षिण जर्मनीत. नवरा जर्मन, लेक आठ वर्षांची. लग्न पुण्यात, 2015 साली, विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, शिवाय नवरा अविवाहित असल्याच्या दाखल्याचं भाषांतर. तेव्हा वाटलं होतं, एवढं पार पडलं म्हणजे आता आयुष्यात कागदांचं काही उरलं नाही.

मागच्या वर्षी बाबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. मागे आई, धाकटा भाऊ आणि मी. कोथरूडचा 1996 साली घेतलेला फ्लॅट आहे आणि वाईजवळ आजोबांपासून चालत आलेली दीड एकर जमीन, बहुतेक वर्षं ऊस, एखादं वर्ष हळद. आमच्यात भांडण नाही हे आधीच सांगते. सगळे समजूतदार असूनही चौदा महिने झाले, अजून एकही काम पुरं झालेलं नाही.

पहिली अडचण माझ्या नावाची. पासपोर्टवर नाव शुभांगी मधुकर, पुढे आडनाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, हे आपल्याला कळतं. इथल्या नोंदणी कार्यालयानं ते माझं दुसरं नाव धरलं. त्यामुळे दातांच्या डॉक्टरकडे मला मधुकर म्हणून हाक मारतात आणि मी उठते. बाबांना हे कळल्यावर ते पोट धरून हसले होते. पण लग्नानंतर आईच्या हौसेखातर मी पॅन कार्डावर मधलं नाव नवऱ्याचं करून घेतलं. म्हणजे पॅनवर शुभांगी स्टेफान, पासपोर्टवर शुभांगी मधुकर, आणि बाबांच्या जुन्या ठेवीवर नॉमिनी म्हणून नुसती 'कु. शुभांगी'. बँकेच्या मते या तीन वेगळ्या बायका आहेत.

दुसरी अडचण ओटीपीची. माझा भारतातला नंबर 2017 साली बंद पडला, तेव्हापासून सगळीकडे बाबांचा नंबर दिलेला. तो फोन आता आईच्या कपाटात. आई रिचार्ज करते, रात्री चार्जिंगला लावते, आणि मी इथून लॉगिन केलं की ती तिथून आकडे वाचून दाखवते. 'सहा... चार... थांब, चष्मा लावते,' तोवर वेळ संपलेली असते.

तिसरी चुलतभावानं घातलेली. 'ताई, तू परक्या धर्मात लग्न केलंस, तेही कोर्टात. वडिलोपार्जित जमिनीतला तुझा हक्क गेला.' त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, त्याला खरंच तसं वाटतं. हे खरं आहे का?

चौथी, इथला टॅक्स सल्लागार विचारतोय की वडिलांच्या वारशाची माहिती टॅक्स ऑफिसला दिली का. पुण्याचा म्हणतो, भारतात वारसा कर नाहीच, 1985 सालीच बंद झाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मी मधे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. ज्यांचा जोडीदार दुसऱ्या देशाचा आहे त्यांचे अनुभवही वाचायला आवडतील.

खडूस:

प्रेम करताना कागद आठवले नाहीत, आता मंडळींना कामाला लावताय. (हलके घ्या.)

न्यू जर्सीचा नाना:

खडूसराव, तुमच्या लग्नात सासऱ्यांचा सातबारा बघून मगच अक्षता पडल्या होत्या, सगळ्यांनाच तशी सोय नसते.

कोर्टाची पायरी:

तिसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण ही अफवा मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकतो.

तुमच्या चुलतभावानं अर्धं वाक्य ऐकलंय. विशेष विवाह कायदा 1954 चा. त्याच्या कलम 19 नुसार हिंदू अविभक्त कुटुंबातल्या व्यक्तीनं या कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख, जैन सोडून इतर धर्माच्या व्यक्तीशी लग्न केलं, की ती त्या अविभक्त कुटुंबातून विभक्त झाली असं धरलं जातं. विभक्त झाली, बेदखल नव्हे. भाऊ वेगळा निघाला की त्याचा वाटा बुडतो का? उलट त्या दिवशी वाटा ठरतो. आणि लगेच पुढचं कलम 20 वारसाहक्क शाबूत असल्याचं सांगतं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलंय. फ्लॅट तर वडिलांचा स्वतःचा. त्यात आई, तुम्ही, भाऊ, तिघांना सारखा हिस्सा.

खरी गंमत कलम 21 मध्ये आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. अशा लग्नानंतर *तुमच्या* मालमत्तेला हिंदू वारसा कायदा लागत नाही, 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं (होऊ नये) आणि मृत्युपत्र नसलं, तर इथल्या मालमत्तेचा एक तृतीयांश नवऱ्याला, दोन तृतीयांश मुलीला. आईला शून्य. हिंदू कायद्यात मुलाच्या मागे आई पहिल्या वर्गातली वारस असते, मुलीच्या मागे मात्र तिथेही नवरा-मुलं आधी; आणि तुमच्या बाबतीत लेक असताना ती यादीतच येत नाही. तुमच्या वाट्याच्या फ्लॅटमध्ये ती राहत असली तरी.

वाईची लेक:

हे वाचून दहा मिनिटं नुसती बसले. आई त्याच फ्लॅटमध्ये राहते. हे लग्नाच्या वेळी कुणीच सांगितलं नाही हो.

कोर्टाची पायरी:

नोटीस बोर्डावर नावं लावतात, कलमं लावत नाहीत. मृत्युपत्र करा, प्रश्न मिटतो.

हाइडेलबर्गची काकू:

शुभांगी, मी तुला अगं म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी इथे चौतीस वर्षं आहे, आमचे हे जर्मन, आता निवृत्त.

तुझा सल्लागार बरोबर बोलतोय. वारस जर्मनीत राहत असेल तर जगभरच्या वारशाची माहिती इथल्या टॅक्स ऑफिसला द्यावी लागते, कळल्यापासून तीन महिन्यांत. घाबरू नकोस, आईवडिलांकडून मुलाला येणाऱ्या मालमत्तेवर 4 लाख युरोपर्यंत कर नाही. तुझा वाटा त्याच्या आसपासही जाणार नाही. पण कर नाही म्हणून कळवायचं नाही, असं इथे चालत नाही. उशीर झाला असला तरी आत्ता कळव, साधं पत्र पुरतं. मी माझ्या वडिलांच्या वेळी कळवलं नव्हतं. सहा वर्षांनी तिकडचे पैसे इकडे आणले तेव्हा 'हे कुठून आले' म्हणून विचारणा झाली, आणि मग चाळीसगावच्या घराचं मूल्यांकन, त्याचं शपथेवर भाषांतर, असं सगळं मागून करत बसले. घराच्या वाट्यापेक्षा भाषांतरकाराचं बिल जास्त लक्षात राहिलंय.

आता मृत्युपत्राचं. ऑगस्ट 2015 पासून युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत नियम असा आहे की माणूस शेवटी जिथे राहत होता तिथला वारसा कायदा त्याच्या सगळ्या मालमत्तेला लागतो, पण आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा मृत्युपत्रात निवडता येतो. जर्मन कायद्यानं साधारणपणे अर्धं नवऱ्याला आणि अर्धं मुलीला जातं. म्हणजे जर्मनीच्या लेखी एक वाटणी, वकीलसाहेब म्हणतात ती दुसरी.

आणि एक खुबी सांगते, मला एका म्हाताऱ्या नोटरीनं सांगितलेली. जर्मनीत घरी केलेलं मृत्युपत्र पूर्ण स्वतःच्या हातानं लिहिलेलं लागतं, टाइप केलेलं चालत नाही, साक्षीदार मात्र लागत नाहीत. भारतात टाइप केलेलं चालतं, पण दोन साक्षीदार हवेतच. म्हणून मी हातानंही लिहिलं आणि दोन शेजारणींच्या सह्याही घेतल्या. त्यांना चहा आणि चकली दिली. त्यांना वाटलं हा काही भारतीय सण आहे.

कोर्टाची पायरी:

काकू, दंडवत. एकच भर घालतो. दोन देशांसाठी दोन वेगळी मृत्युपत्रं करत असाल तर 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे' हे छापील वाक्य डोळे झाकून घालू नका. पुण्याचं मृत्युपत्र जर्मनीचं मारून टाकतं. 'माझ्या फक्त भारतातील मालमत्तेपुरते' असं लिहा.

शेतजमीन नवऱ्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी माणसाच्या नावावर शेतजमीन म्हटलं की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची वाट सुरू होते. मुलीच्या किंवा भावाच्या नावे ठेवा.

हिशेबनीस:

मी पुण्यात सीए आहे. खालचं सगळं पारावरच्या गप्पा समजा, सल्ला नव्हे.

वाईताई, तुम्ही 2013 ला गेलात आणि तुमचं बचत खातं अजून साधंच आहे, बरोबर? लिहिलं नाहीत पण वासावरून कळतं. परदेशी स्थायिक झालेल्या माणसानं साधं खातं चालू ठेवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्याला मान्य नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यायला हवं. निम्मी मराठी मंडळी करत नाहीत आणि वडील गेल्यावरच बँकेच्या लक्षात येतं. आधी तेवढं उरका. पीपीएफ जाण्याआधीचा असेल तर मुदतीपर्यंत चालवता येतो, नवा उघडता येत नाही.

फ्लॅट विकायचा विचार असेल तर नीट वाचा. धरा, 1 कोटी 20 लाखांना गेला. तिघांचे चाळीस-चाळीस. आई आणि भाऊ रहिवासी, म्हणून त्यांच्या वाट्यातून खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापणार, प्रत्येकी 40 हजार. तुम्ही अनिवासी, म्हणून तुमच्या चाळीस लाखांवर साडेबारा टक्के आणि वर उपकर, म्हणजे 5 लाख 20 हजार. नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर. हे टाळायचं तर विक्रीच्या *आधी* आयकर खात्याकडून कमी दरानं कपातीचं प्रमाणपत्र काढायचं. अर्ज ऑनलाइन होतो, पण काही आठवडे हाताशी ठेवा. खरेदीदार थांबत नाही, म्हणून त्याला पहिल्या भेटीतच सांगा की एक विक्रेती परदेशी राहते. शेवटच्या आठवड्यात सांगितलं आणि व्यवहार मोडला, असं माझ्यासमोर दोनदा झालंय.

अजून एक मासला. जुलै 2024 नंतर जुनं घर विकताना रहिवासी माणसाला दोन पर्याय आहेत: साडेबारा टक्के, पण खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरायची सवलत नाही, नाहीतर 20 टक्के त्या सवलतीसह. अनिवासीला फक्त पहिला. एकच फ्लॅट, एकच दिवस, एकच भाव, तरी बहीण-भावाचा कर वेगळा. कोथरूडला भाव एवढे चढलेत की बहुधा साडेबाराच स्वस्त पडेल, पण करून बघा. घर 2001 च्या आधीचं आहे, तेव्हा 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येईल, तो तिघांनाही. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून दाखला घ्या.

पैसे एनआरओ खात्यात येतात. तिथून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्रासह. तुमची मर्यादा ओलांडायची भीती नाही, हे दुर्दैवानं सांगतो.

न्यू जर्सीचा नाना:

हिशेबनीस, 'वासावरून कळतं' वर खुर्चीतून पडलो.

आता माझी कथा. बायको अमेरिकन, शाळेत शिकवते, कागदाला अत्यंत सरळ. मी इथे आल्यावरही डोंबिवलीच्या बँकेत आईच्या ठेवींवर माझं नाव दुसरं होतं. आपल्याकडे असतंच ना. आईचे पैसे आईचेच, माझं नाव नुसतं 'सोयीसाठी'. शिवाय माझ्या दोन म्युच्युअल फंडांत एसआयपी, नोकरीच्या पहिल्या पगारापासूनची.

एकदा टॅक्सचे कागद भरताना बायकोनं विचारलं, 'परदेशी खाती आहेत का, असा प्रश्न आहे. नाही लिहू ना?' मी म्हटलं, 'नाहीच. आईचं आहे.' ती म्हणाली, 'मग तुझं नाव का आहे?' या प्रश्नाला मराठीत उत्तर आहे, इंग्रजीत नाही.

नियम असा: अमेरिकेच्या कर-रहिवाशाच्या नावावरच्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10 हजार डॉलरच्या वर गेली, तरी एफबार नावाचा फॉर्म भरायचा. पैसे कुणाचे हा प्रश्नच नाही, नाव कुणाचं हा प्रश्न. आणि भारतीय म्युच्युअल फंड त्यांच्या लेखी पीफिक, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी. प्रत्येक फंडासाठी दरवर्षी वेगळा फॉर्म आणि कर असा की नफा झाल्याचं दुःख व्हावं. आम्ही शेवटी चूक आपणहून कबूल करायच्या योजनेत गेलो: तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा वर्षांचे एफबार, 5 टक्के दंड. आईच्या ठेवींवरचं नाव काढलं. आई रडली. तिला वाटलं सुनेनं मुलाचं नाव काढायला लावलं. तिला पीफिक कसं समजावणार? आजही ती मला फोनवर विचारते, 'सगळं ठीक आहे ना तुमच्यात?'

वाईची लेक:

नाना, हसू की रडू कळेना.

ओसाकाकर:

नावांवरून आठवलं. मी ज्ञानदा, नवरा जपानी. पासपोर्टवर स्पेलिंग डी-एन-वाय नं सुरू होतं. इथे बँकेत नाव काताकाना लिपीत लिहितात. वॉर्ड ऑफिसनं एक उच्चार धरला, बँकेनं दुसरा, मोबाइल कंपनीनं तिसरा. पगार दोनदा परत गेला. त्यातून जपानी कुटुंबनोंदीत परदेशी जोडीदाराला स्वतःचं पान नसतं, नवऱ्याच्या पानावर लग्नाची टीप म्हणून मी आहे. सासूबाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नकोस, टीप बारीक अक्षरात असते पण पुसत नाहीत.

मांडवीकाठ:

मृत्युपत्र केलं की मिटलं, असं वर वकीलसाहेब म्हणाले. गोंयकारांनी तेवढ्यावर विसंबू नये.

आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, निम्मी-निम्मी. आणि मृत्युपत्रानं फक्त अर्धा भाग हवा त्याला देता येतो, उरलेला हक्काच्या वारसांचा. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली तरी हेच लागू.

माझे वडील 1961 च्या, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपायच्या, आधीचे. त्यांच्या जोरावर मी लिस्बनला जन्मनोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि आता इंग्लंडात स्विंडनला आहे. बायको सावंतवाडीची, तिचा पासपोर्ट भारतीय. दुसरा पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो. मी दोन वर्षं आळस केला, आणि ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाच्या) अर्जात पहिला कागद तोच मागितला. म्हापशाचं घर विकायचं ठरलं तेव्हा माझ्या सहीइतकीच बायकोची सही लागली. तिनं त्या घरात तीन गणपती काढले असतील. तिच्या भावाला हे अजून पटत नाही की आमच्याकडे बायकोला विचारल्याशिवाय घर विकता येत नाही.

खडूस:

हा कायदा चांगला आहे की. (हे गंभीरपणे.)

हिशेबनीस:

नावाचा मुद्दा राहिला. वाईताई, पासपोर्ट प्रमाण धरा आणि पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करा. उलट करू नका, पासपोर्ट बदलला की व्हिसा, लेकीचा जन्मदाखला, सगळी माळ ओढली जाते. तोवर 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. आईंच्या हौसेबद्दल आदर आहे.

हाइडेलबर्गची काकू:

आणि शुभांगी, जर्मन पासपोर्टचा विचार करत असशील तर... जून 2024 पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, म्हणून आपली मंडळी आनंदानं अर्ज करताहेत. भारत चालवून घेत नाही. जर्मन झालीस की भारतीय पासपोर्ट गेला. ओसीआय घेऊन वाईची वारशाची जमीन ठेवता येईल, पण शेजारचा अर्धा एकर निघाला तर घेता येणार नाही.

वाईची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. बऱ्याच महिन्यांनी येतेय, जे झालं ते सांगते.

टॅक्स ऑफिसला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दीड ओळीचं: कर देय नाही. काकू, ते पत्र फ्रिजवर लावलंय. पॅन दुरुस्त झालं, बचत खातं एनआरओ झालं. वारस नोंदीचा अर्ज भावानं केला. तोही तीन महिन्यांत करायचा असतो हे तलाठी ऑफिसात गेल्यावर कळलं. मी इथल्या भारतीय दूतावासात भावाच्या नावे मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावावा लागतो, हेही कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहून ठेवते. आम्ही चार दिवस आधी वाचलो.

फ्लॅट विकत नाही आहोत. मृत्युपत्र हातानं लिहिलं. मराठीत लिहावंसं वाटत होतं, पण शेवटी इंग्रजीत लिहिलं, दोन्हीकडे वाचता यावं म्हणून. माझा वाटा आधी आईला, मग लेकीला. नवरा म्हणाला, 'मला काहीच नाही?' मी म्हटलं, तुला काही दिलं तर रिझर्व्ह बँकेला विचारावं लागेल. तो म्हणाला, मग राहू दे.

ओटीपी अजून आईच वाचते. नंबर बदलायच्या फॉर्मसाठी जुन्या नंबरावर ओटीपी येतो.

डोंगरवाट:

धागा उशिरा दिसला. माझा नवरा नेपाळी नागरिक आहे, आम्ही दोघं नाशिकला राहतो. त्याला इथे व्हिसा लागत नाही, नोकरीही करतो. मग आम्ही दोघांच्या नावे फ्लॅट घ्यायला अडचण नसावी ना?

हिशेबनीस:

आहे. नेपाळ, भूतान, श्रीलंका, चीन अशा काही देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय भारतात घर विकत घेता येत नाही, इथे राहत असले तरी. पाच वर्षांपर्यंतचा भाडेकरार चालतो. बुकिंगची रक्कम भरली नसेल तर थांबा, आणि कृपया नवा धागा काढा. लग्न कुठे आणि कोणत्या कायद्यानं झालं तेही त्यात लिहा.